फाइलनावाचा शेवट नेमका कुठे? अपाचेच्या फाइल्समॅचमधल्या `$` खुणेचं प्रकरण

मार्च २०१८ मध्ये अपाचे वेब सर्व्हरची २.४.३३ ही आवृत्ती आली. तिच्यासोबत जाहीर झालेल्या सुरक्षा-दुरुस्त्यांमध्ये सीव्हीई-२०१७-१५७१५ या क्रमांकाची एक नोंद होती (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-दोषाला दिला जाणारा क्रमांक). तिचा आशय एवढाच: फाइलच्या नावाच्या शेवटी न्यूलाइन (नवी ओळ सुरू करणारं, न दिसणारं चिन्ह) असेल, तर फाइल्समॅचच्या, म्हणजे नावाच्या नमुन्यावरून फाइलींना लावल्या जाणाऱ्या, नियमाला बगल देता येते. हा दोष एलार लांग या सुरक्षा संशोधकाने शोधला होता. अपाचेने त्याला 'लो' दर्जा दिला, तर अमेरिकेच्या एनव्हीडी या असुरक्षितता-नोंदवहीने त्याच दोषाला १० पैकी ८.१ गुण दिले, म्हणजे 'हाय'.

दोन जाणत्या संस्थांचं मत इतकं वेगळं का पडलं, हे समजून घ्यायचं तर एका खुणेपाशी थांबावं लागतं: `$`. रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला नमुना खुणांनी सांगायची पद्धत) शिकताना आपण पहिल्याच दिवशी पाठ करतो की `^` म्हणजे सुरुवात आणि `$` म्हणजे शेवट. पण शेवट कशाचा, आणि तो कोण ठरवतं? या प्रकरणात सगळं याच प्रश्नावर अडलं होतं. म्हणून सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलला हात लावणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा नीट पाहावं असं मला मनापासून वाटतं.

(पुढच्या नमुन्यांमध्ये अक्षरं देवनागरीत लिहिली आहेत. खऱ्या फाइलमध्ये ती रोमन असतात, खुणा मात्र जशाच्या तशा.)

ती ओळ आणि तिच्यामागचं कारण

अपाचेवर पीएचपी (वेबसाइटसाठीची एक प्रोग्रॅमिंग भाषा) चालवणाऱ्या कुठल्याही मशीनवर या वळणाची ओळ सापडते:

`<फाइल्समॅच "\.पीएचपी$">`

तिच्या आत सेटहँडलर असतो, म्हणजे या नमुन्याला जुळणारी फाइल पीएचपीकडे चालवायला द्या असा आदेश. ही ओळ लिहायची पद्धत सावधगिरीतूनच आली. पूर्वी सर्रास अ‍ॅडहँडलर वापरत आणि त्याला फक्त एक्स्टेन्शन सांगत. पण अपाचे नावातल्या प्रत्येक टिंबानंतरच्या तुकड्याला एक्स्टेन्शन मानतो. त्यामुळे 'फोटो.पीएचपी.जेपीजी' अशी फाइलसुद्धा पीएचपी म्हणून चालायची. अपलोड तपासणाऱ्या कोडला शेवटी जेपीजी दिसायचं आणि सर्व्हरला मधलं पीएचपी. हे बंद करायला पीएचपीच्या मॅन्युअलनेच फाइल्समॅच आणि `$` यांची शिफारस केली. `$` असल्यामुळे पीएचपी हा तुकडा नावाच्या शेवटीच असला पाहिजे. म्हणजे या ओळीतली `$` ही खूण पहारेकरी म्हणूनच उभी केलेली होती.

बाकीच्या खुणाही पाहून घेऊ. `\.` म्हणजे खरंखुरं टिंब. उलटी तिरकी रेघ काढली तर नुसतं `.` उरतं, आणि त्याचा अर्थ 'कुठलंही एक चिन्ह'. मग टिंब नसलेलं 'जुनंपीएचपी' हे नावही जुळतं. नमुन्याच्या सुरुवातीला `^` नाही, कारण टिंबाआधी नाव काहीही असलं तरी चालतं. फाइल्समॅच नावाच्या आत कुठेही जुळणी शोधतो, आणि शोधतो फक्त फाइलच्या नावात, फोल्डरच्या मार्गात नाही.

डेबियन या लिनक्सच्या डिस्ट्रोने (वितरणाने) पीएचपीच्या पॅकेजसोबत दिलेली ओळ जास्त विचारपूर्वक लिहिलेली आहे:

`".+\.पीएच(एआर|पी|टीएमएल)$"`

कंस आणि उभ्या रेघा म्हणजे 'यांपैकी एक'. सुरुवातीचं `.+` सांगतं की टिंबाआधी निदान एक चिन्ह हवंच. म्हणजे जिचं अख्खं नावच '.पीएचपी' आहे ती फाइल इथे जुळत नाही. अशा फाइलसाठी खाली वेगळा नियम आहे, तो `^` ने सुरू होतो आणि थेट प्रवेश नाकारतो. खुणा अशा जोडीने वाचायची सवय लागली की कॉन्फिग लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते दिसायला लागतं. इथे लिहिणाऱ्याने सुरुवात आणि शेवट दोन्ही बाजू विचार करून बांधल्या होत्या. तरीही `$` ने बांधलेली बाजू एका चिन्हाएवढी मोकळी राहिली.

हल्ला कसा जातो

समजा एका साइटवर फाइल अपलोड करायची सोय आहे. कोड लिहिणाऱ्याने नकोशा एक्स्टेन्शनची यादी केली आहे: पीएचपी, पीएचपी५, पीएचटीएमएल वगैरे. नावातल्या शेवटच्या टिंबानंतरचा तुकडा काढायचा, यादीत असेल तर फाइल नाकारायची. हा कोड आजही जागोजागी दिसतो.

हल्लेखोर नाव पाठवतो 'अ.पीएचपी' आणि त्याला चिकटून एक न्यूलाइन. शेवटच्या टिंबानंतरचा तुकडा आता 'पीएचपी' नाही, 'पीएचपी अधिक न्यूलाइन' आहे. यादीतल्या कुठल्याच शब्दाशी तो तंतोतंत जुळत नाही, म्हणून तपासणी पार. लिनक्सवर फाइलच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं, त्यामुळे न्यूलाइनसकट फाइल डिस्कवर लिहिली जाते. विंडोजवर असं नाव ठेवताच येत नाही, म्हणून हा धोका लिनक्स आणि युनिक्स घराण्यापुरता.

मग तो ब्राउझरमधून तीच फाइल मागतो. पत्त्याच्या शेवटी न्यूलाइनचं सांकेतिक रूप असतं: टक्क्याची खूण, शून्य आणि ए. अपाचे ते उलगडतो, डिस्कवरची फाइल शोधतो आणि तिचं नाव `\.पीएचपी$` या नमुन्याशी ताडून पाहतो. इथे नमुना जुळतो आणि फाइल पीएचपी म्हणून चालते.

अपलोडच्या कोडच्या लेखी नाव न्यूलाइननंतर संपलं, फाइल्समॅचच्या लेखी न्यूलाइनच्या आधीच. एकाच नावाचे दोन परीक्षक होते आणि दोघांचा शेवट वेगळा होता. माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा हाच आहे. पहिला परीक्षक एकटा असता तर फाइल चालली नसती, दुसरा एकटा असता तर ती आधीच ओळखू आली असती.

`$` असं का वागतं

अपाचेची २.० ही आवृत्ती आल्यापासून त्याच्या रेग्युलर एक्स्प्रेशनचं काम पीसीआरई ही लायब्ररी करते. पीसीआरई पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पद्धतीने चालते. पर्लमध्ये `$` चा अर्थ आहे: मजकुराचा अगदी शेवट, किंवा मजकूर न्यूलाइनने संपत असेल तर त्या न्यूलाइनच्या आधीची जागा. पर्ल फाइली ओळीओळीने वाचण्याच्या कामात वाढली. वाचलेल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी न्यूलाइन असतेच, आणि दर वेळी ती कापून मगच नमुना लावणं जाचक होतं. म्हणून शेवटच्या न्यूलाइनकडे काणाडोळा करायची सोय `$` मध्ये घातली गेली. ओळी वाचताना ती सोय उत्तम आहे. फाइलच्या नावाला तीच सोय लावली की भोक पडतं.

पीसीआरई लिहिणाऱ्यांना हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही. 'डॉलर एन्डओन्ली' नावाचा पर्याय त्यांनी ठेवलेलाच होता. तो चालू केला की `$` फक्त अगदी शेवटालाच जुळतं. पर्याय होता, अपाचेने तो चालू केलेला नव्हता, आणि कॉन्फिग लिहिणाऱ्याला ते त्या ओळीत कुठेच दिसत नव्हतं. त्याआधी, १.३ च्या काळात, अपाचे हेन्री स्पेन्सर यांची पॉझिक्स (युनिक्स घराण्याचं मानक) पद्धतीची लायब्ररी वापरत असे. पॉझिक्समध्ये ओळींची खास सोय मागितल्याशिवाय `$` म्हणजे निव्वळ शेवट. कॉन्फिगमधली ओळ तीच राहिली, तिला वाचणारं इंजिन बदललं.

हा प्रश्न अपाचेपुरता नाही. पायथनमध्ये `$` असंच वागतं. जुलै २०१५ मध्ये जँगो या पायथनमधल्या वेब-चौकटीला (फ्रेमवर्कला) याच कारणाने सुरक्षा-आवृत्त्या काढाव्या लागल्या (सीव्हीई-२०१५-५१४४). ईमेल तपासणाऱ्या नमुन्यात `$` होतं, त्यामुळे शेवटी न्यूलाइन असलेला पत्ता वैध ठरायचा आणि पुढे तो हेडरमध्ये (मूळ मजकुराआधीच्या माहितीच्या ओळींत) गेला की हेडर फोडता यायचं. रूबीमध्ये `$` प्रत्येक ओळीच्या शेवटाला जुळतं, म्हणून रेल्स ही रूबीतली वेब-चौकट आवृत्ती ४ पासून तपासणीच्या नमुन्यात `^` किंवा `$` दिसलं की ओळींची जुळणी मुद्दाम मागितल्याखेरीज एररच देते. जावास्क्रिप्टमध्ये मात्र `$` खरोखर शेवटालाच जुळतं. त्यामुळे ब्राउझरमध्ये तपासून 'बरोबर आहे' म्हणून कॉन्फिगमध्ये चिकटवलेला नमुना सर्व्हरवर वेगळा वागू शकतो.

'लो' की 'हाय'?

अपाचेची बाजू समजण्यासारखी आहे. हल्ला यशस्वी व्हायला बऱ्याच गोष्टी एकत्र याव्या लागतात. सर्व्हर लिनक्सवर हवा. अपलोडची तपासणी नकोशांच्या यादीने आणि नावाच्या शेवटच्या भागावरच होणारी हवी. अपलोडचं फोल्डर वेबवर उघडं आणि तिथे पीएचपी चालू हवं. शिवाय न्यूलाइन नावात टिकली पाहिजे, आणि तेच सोपं नाही. अपलोडचं नेहमीचं फाइलनाव मल्टिपार्टच्या (फॉर्ममधून फाइल पाठवायच्या नेहमीच्या स्वरूपाच्या) हेडरमधून येतं आणि हेडर ओळीओळीने वाचला जातो, म्हणून न्यूलाइन तिथून आत शिरवणं अवघड. पण ज्या कोडमध्ये नाव फॉर्मच्या वेगळ्या रकान्यातून घेतात ('फाइलला काय नाव द्यायचं?' असं विचारणारे फॉर्म आठवा) तिथे ती सहज येते.

एनव्हीडीचा हिशोब वेगळा. अटी अवघड असतीलही, पण जुळून आल्या तर परक्या माणसाचा कोड तुमच्या सर्व्हरवर चालतो, आणि तोही लॉगिनशिवाय. मला दोन्ही हिशोब आपापल्या जागी बरोबर वाटतात. अपाचेला स्वतःच्या सॉफ्टवेअरमधली चूक मोजायची होती, एनव्हीडीला परिणाम. साइट चालवणाऱ्याने मात्र दोन्ही आकडे बाजूला ठेवून स्वतःच्या अपलोडच्या कोडकडे पाहायला हवं, कारण या प्रकरणात निम्मा दोष तिथे होता.

दुरुस्ती

अपाचेने नवा निर्देश आणला, रेजेक्सडिफॉल्टऑप्शन्स. त्यात दोन पर्याय न सांगताही चालू असतात: डॉटऑल आणि डॉलर एन्डओन्ली. दुसऱ्यामुळे `$` आता खरोखर शेवटालाच जुळतं, आणि तेही फक्त फाइल्समॅचमध्ये नाही तर पत्ते बदलणाऱ्या रीराइटरूलसकट सगळीकडे. दस्तऐवजात हा निर्देश २.४.३० पासून असल्याचं लिहिलं आहे. पण २.४.२९ नंतर लोकांच्या हाती पडली ती थेट २.४.३३, मधल्या तीन आवृत्त्या बाहेर आल्याच नाहीत.

एक सावधगिरी. डेबियन, उबंटूसारखी डिस्ट्रो जुन्या आवृत्तीतच दुरुस्ती भरतात आणि मुख्य आकडा तोच ठेवतात. डेबियन ९ वरच्या अपाचेचा आकडा २.४.२५ च राहिला, दुरुस्ती मात्र आली. त्यामुळे आवृत्तीचा आकडा पाहून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. पॅकेजचा बदलांचा लेखाजोखा उघडा आणि त्यात सीव्हीईचा क्रमांक शोधा.

जिथे सर्व्हरचे पर्याय आपल्या हातात नाहीत, तिथे नमुन्यातच `$` ऐवजी `\` आणि लहान झेड लिहिता येतं. पीसीआरईमध्ये ते बिनशर्त अगदी शेवट असतं. पीएचपीच्या स्वतःच्या कोडमध्ये नमुन्यामागे मोठ्या लिपीतलं डी लावलं की हाच परिणाम मिळतो. ही दोन अक्षरं फार कमी लोक वापरतात, याचं मला वाईट वाटतं.

आता चाचणी. नमुना ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडने तपासू नका. ग्रेप ओळीओळीने वाचतो आणि न्यूलाइन आधीच बाजूला काढतो, त्यामुळे हा दोष त्याला दिसणारच नाही. स्वतःच्या चाचणी सर्व्हरवर शेवटी न्यूलाइन असलेल्या नावाची, फक्त एक शब्द छापणारी फाइल बनवा आणि ब्राउझरमधून मागा. कोड जसाच्या तसा दिसला किंवा फाइल उतरवायला मिळाली, तर नमुना जुळलेला नाही. नुसता तो एक शब्द दिसला, तर जुळला आहे. चालत्या सर्व्हरवर अशी नावं आधीच आली आहेत का, हे फाइंड कमांडला नावात न्यूलाइन शोधायला सांगून कळतं. फाइलींची यादी दाखवणारी कमांड, म्हणजे एलएस, नवा असेल तर टर्मिनलवर अशा नावांभोवती अवतरणचिन्हं घालून न्यूलाइन दाखवतो. जुना एलएस तिच्या जागी प्रश्नचिन्ह दाखवायचा, आणि ते नजरेतून सहज निसटायचं.

दीड वर्षाने तीच न्यूलाइन, दुसरी खूण

एन्जिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर वापरणाऱ्यांनी हे सगळं वाचून 'आपण सुटलो' म्हणायचं कारण नाही. एन्जिनएक्सही पीसीआरईच वापरतो आणि त्याच्या `~ \.पीएचपी$` मध्ये `$` तसंच सैल आहे. तिथे बचाव होतो तो पुढच्या दारात. पीएचपी-एफपीएममध्ये (वेब सर्व्हरबाहेर पीएचपी चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालवायच्या एक्स्टेन्शनवर मर्यादा असते, ती नावाचा शेवट अक्षरशः ताडून पाहते, आणि न्यूलाइन चिकटलेलं नाव तिथे अडतं. अपाचेच्या आत मॉड्यूल म्हणून चालणाऱ्या पीएचपीला हे दार नाही.

पण २०१९ च्या सप्टेंबरात रिअल वर्ल्ड सीटीएफ या हॅकिंगच्या स्पर्धेदरम्यान अँड्र्यू दानाऊ या संशोधकाने एका पत्त्यात न्यूलाइन घातली आणि सर्व्हर विचित्र उत्तर देऊ लागला. त्यातून सीव्हीई-२०१९-११०४३ बाहेर आला. मुळाशी होती ही ओळ, जी असंख्य एन्जिनएक्स कॉन्फिगमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे नकलून गेलेली आहे:

`^(.+?\.पीएचपी)(/.*)$`

पत्त्याचे दोन तुकडे करायचे, पहिला स्क्रिप्टचा आणि दुसरा उरलेल्या मार्गाचा, हे तिचं काम. `+?` म्हणजे 'जमेल तितकं कमी घे', म्हणून पहिला तुकडा पहिल्याच योग्य जागी थांबतो. इथे घात `$` ने नाही, `.` ने केला. पीसीआरईमध्ये `.` म्हणजे 'कुठलंही चिन्ह, न्यूलाइन सोडून'. मार्गात मध्येच न्यूलाइन आली की `.*` तिथेच थबकतं, `$` पर्यंत पोचत नाही आणि अख्खा नमुना फसतो. मग एफपीएमला मार्गाचा तुकडा रिकामा मिळतो. तो रिकामा असू शकेल हे गृहीत न धरलेल्या एफपीएमच्या कोडमध्ये पॉइंटर मागे सरकून भलत्या जागी लिहायचा, आणि त्यातून बाहेरचा कोड चालवता येत होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये पीएचपीच्या ७.१.३३, ७.२.२४ आणि ७.३.११ या आवृत्त्यांत दुरुस्ती आली. फाइल साठवणीचं सॉफ्टवेअर देणाऱ्या नेक्स्टक्लाउडने सुचवलेल्या कॉन्फिगमध्येही ही ओळ होती, त्यामुळे त्यांनी वापरकर्त्यांना तातडीची सूचना दिली. ज्यांच्या कॉन्फिगमध्ये फाइल खरोखर आहे का हे पाहणारी ट्रायफाइल्सची ओळ होती, ते वाचले.

अपाचेच्या त्या निर्देशात डॉलर एन्डओन्लीच्या शेजारी डॉटऑल का बसलं आहे, ते इथे उमगतं. डॉटऑल असलं की `.` न्यूलाइनलाही जुळतं.

चौकोनी कंसांचा मामला आणखी वेगळा. `[^/]+` म्हणजे 'तिरकी रेघ सोडून काहीही', आणि त्या 'काहीही'त न्यूलाइन धरून सगळं येतं, पर्याय कुठलेही असोत. मराठी साइटवाल्यांना हे विशेष लागू आहे. देवनागरी पत्त्यांना `[ए-झेड०-९-]+` हा रोमन अक्षरांचा नेहमीचा वर्ग जुळत नाही, कारण अपाचे नमुने बाइटवर लावतो आणि 'मराठी' हा शब्द यूटीएफ-८ मध्ये १५ बाइटचा होतो. मग लोक वैतागून `[^/]+` लिहितात. त्याने पत्ते चालू लागतात, पण दार जास्तच उघडतं. तसं लिहायचंच असेल, तर त्याच कंसात न्यूलाइन आणि कॅरेज रिटर्नही नाकारा.

अपलोडच्या फोल्डरचं काय करायचं

सगळे नमुने बिनचूक लिहिले तरी मी अपलोडचं फोल्डर नमुन्यांच्या भरवशावर सोडणार नाही. फाइलचं नाव सर्व्हरने स्वतः ठरवावं, पाठवणाऱ्याने दिलेलं नाव डेटाबेसमध्ये नुसतं दाखवण्यापुरतं ठेवावं. नकोशांची यादी काढून हव्या त्या एक्स्टेन्शनची यादी करावी. तपासणी तंतोतंत असेल तर 'जेपीजी अधिक न्यूलाइन' त्या यादीत बसणारच नाही. शक्य असेल तर फोल्डर वेबच्या मुळाबाहेर हलवावं.

ते जमत नसेल, तर त्या फोल्डरमध्ये पीएचपी बंद करावं. अपाचेत इथे एक अडचण आहे. डायरेक्टरीच्या खंडात सेटहँडलर नन लिहून काम भागेल असं वाटतं, पण अपाचे डायरेक्टरीचे खंड आधी आणि फाइल्समॅचचे नंतर लावतो. त्यामुळे मुख्य कॉन्फिगमधला पीएचपीचा फाइल्समॅच ते पुसून टाकतो. मॉड्यूलवाल्या पीएचपीसाठी त्या फोल्डरपुरतं इंजिनच ऑफ करणारा पीएचपी-अ‍ॅडमिन-फ्लॅग वापरावा.

एन्जिनएक्समध्ये याच कामाला `^~` आहे. ही खूण रेग्युलर एक्स्प्रेशनची नाही, आणि ती तशी समजून घेतल्याने बऱ्याच जणांचं कॉन्फिग फसतं. लोकेशनमध्ये (कुठल्या पत्त्याला कुठला नियम हे सांगणाऱ्या खंडात) नुसतं `~` म्हणजे पुढे रेग्युलर एक्स्प्रेशन येतंय, `~*` म्हणजे तेच पण लहान-मोठी लिपी न पाहता, `=` म्हणजे तंतोतंत तोच पत्ता. `^~` चा अर्थ असा: पत्त्याच्या सुरुवातीशी जुळणाऱ्या लोकेशनपैकी सर्वांत लांब हेच ठरलं, तर रेग्युलर एक्स्प्रेशनकडे वळूच नका. एरवी एन्जिनएक्स लांबातलं लांब साधं लोकेशन लक्षात ठेवतो, मग रेग्युलर एक्स्प्रेशनवाली लोकेशन फाइलमधल्या क्रमाने पाहतो आणि पहिली जुळेल ती उचलतो. म्हणून नुसतं `/अपलोड्स/` असं लोकेशन लिहिलं, तर आतली पीएचपी फाइल तरीही `~ \.पीएचपी$` कडे जाते. `^~ /अपलोड्स/` लिहिलं की ती तिथेच, साधी फाइल म्हणून दिली जाते, तिच्या नावाच्या शेवटी न्यूलाइन असो वा नसो.